एका नावाचा उच्चार

मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा तास घेताना एका फ्रेंच पंडिताचे नाव घ्यावेच लागते. मराठीच्या घडणीवरील त्यांचा ग्रंथ 1920 साली पॅरिसहून प्रसिद्ध झाला आणि 1941 साली वा. गो. परांजपे यांनी तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. बीडच्या वर्गात आम्ही ते नाव कित्येक वर्षे ‘ज्यूल्स ब्लॉच’ असे उच्चारत होतो. रोमन अक्षरे जशी दिसली तशी वाचली. कोणी हसले नाही. हसणार तरी कोण?

पुढे फ्रेंच जाणणाऱ्या एका स्नेह्याने सांगितले, ते ‘झ्यूल ब्लॉक’. आरंभीचा ध्वनी आपला ‘ज’ही नव्हे आणि ‘झ’ही नव्हे. ‘श’ म्हणताना कंठात घोष आणला की जो ध्वनी निघतो, तो. देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून ‘झ’वर भागवायचे. ‘ज्यूल्स’मधला ‘स’ लिहायचा, बोलायचा नाही. ‘सीएच’चा फ्रेंचमध्ये एरवी ‘श’ होतो, या नावात मात्र ‘क’. दोन शब्दांत आमच्या तीन चुका!

मग त्या भाषेच्या व्यंजनांविषयी कुतूहल वाटू लागले. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत. पण तिथे ‘ट’वर्ग नाही, महाप्राण नाहीत, ‘ण’ नाही, ‘ळ’ही नाही. ज्याच्या मातृभाषेत ‘ण’ नाही, त्याने आमच्या ‘ण’चा इतिहास लिहावा, याचे नवल वाटते. शिवाय तिथली अंत्य व्यंजने पुष्कळदा गळालेली. ‘काळ’ या अर्थाच्या शब्दात शेवटी ‘प’ आणि ‘स’ लिहितात. तोंडाने मात्र ‘तां’ एवढेच म्हणतात. त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही. तोच शिष्ट उच्चार.

हे वाचताना आम्हांला एक तोंडी परीक्षा आठवली. खेड्यातून आलेली एक मुलगी उतारा वाचताना ‘पानी’ म्हणाली. आम्ही तिला सर्वांदेखत थांबवून तो शब्द तीनदा म्हणायला लावला. वर्ग हसला. आम्हीही हसलो.

वस्तुतः संस्कृत शब्द ‘पानीय’. प्राकृतात त्यातल्या ‘न’चा ‘ण’ झाला आणि ‘पाणीअ’वरून आपले ‘पाणी’ आले. म्हणजे ज्या ‘ण’साठी आम्ही तिला अडवले, तोही एके काळी बदललेलाच उच्चार. हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. त्या दिवशी मात्र आठवले नाही.

आता लेखी उत्तरात ‘पाणी’च हवे, हे आम्ही सांगतो, प्रमाणलेखन शिकवणे आमचे कामच आहे. बोलताना मात्र कोणाला अडवत नाही. झ्यूल ब्लॉक हे नाव आले की आपली जुनी चूकही वर्गाला सांगतो. मुले हसतात, आम्हीही हसतो. त्या मुलीने मात्र त्या दिवसानंतर वर्गात कधी मोठ्याने वाचले नाही.