उइटहॉर्नचे पाणी आणि ऑक्टाव्हियाचे घोडे

ॲम्स्टरडॅमहून ॲम्स्टेल नदीच्या काठाकाठाने दक्षिणेकडे सायकल मारत निघालात, की औडरकेर्क मागे पडते आणि दीडेक तासात उइटहॉर्न येते. नावाचा उच्चार आपल्या मंडळींत घरटी वेगळा. कोणी 'यूथॉर्न' म्हणतो, कोणी 'उटहॉर्न'. डच माणूस जे म्हणतो ते देवनागरीत उतरवण्याचा नाद मी कधीच सोडला! सायकल नको असेल तर २५ नंबरची ट्राम आहे. जुलै २०२४ पासून ती ॲम्स्टेलफेनच्या पुढे थेट इथपर्यंत येते, आणि येते ती बरीचशी जुन्या रेल्वेच्या वाटेवरून. त्या रेल्वेची प्रवासी गाडी १९५० साली बंद झाली होती. जुनी वाट पुन्हा कामाला लावायची, हा खास डच हिशेबीपणा.

गाव तसे लहान. नदीकाठी खुर्च्या मांडलेली कॉफीची दुकाने, एक जुने चर्च, डोक्यावरून शिफोलची विमाने. पाहुण्याला दाखवायला पवनचक्क्यांची रांग नाही की ट्युलिपची शेते नाहीत. मी पाहुण्यांना नदीच्या बांधावर नेऊन उभे करतो. एका बाजूला पायाशी ॲम्स्टेल आणि दुसऱ्या बाजूला, नदीच्या पातळीच्या कितीतरी खाली, चरणाऱ्या गाईंच्या पाठी. नदी वर आणि शेत खाली! आपल्याकडे पाणी उताराने नदीत जाते; इथे ते पंपाने चढवून नदीत सोडावे लागते. रात्रंदिवस, शेकडो वर्षे. पाणी किती चढवायचे, कुठे थांबायचे, कोणता बांध किती सोसेल, याचा हिशेब चुकला तर गाव पाण्याखाली.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे आमचा भाचा आणि त्याची मोटार.

भाचा ॲम्स्टेलफेनला राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने २०१६ सालची ऑक्टाव्हिया सेकंडहँड घेतली. १४०० सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती, सात गिअरांचा डीएसजी गिअरबॉक्स. ऑक्टाव्हिया म्हटली की मराठी माणसाला ती घरचीच वाटते, कारण २००१ सालापासून ती तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली होती. गाडी चांगली होती, पण भाच्याचे समाधान होईना. "मामा, गाडीला पिकअप नाही रे. टर्बो आहे, थोडा खर्च केला की घोडे वाढतात." त्यासाठी त्याने १६०० युरो बाजूला काढले होते आणि एक यादी केली होती. तिकडे चिंचवडहून ताईचा मला फोन. "अरे, हा घोडे कसले घेतोय म्हणे? मला उन्हाळ्यात तिकडे बोलावणार होता, आता म्हणतो पुढच्या वर्षी बघू!"

प्रकरण असे घरापर्यंत आले, तेव्हा लक्ष घालणे भाग होते.

आधी टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात. इंजिनातून निघालेला गरम धूर सायलेन्सरवाटे वाया जातो. त्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरवायचा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा बसवायचा आणि त्याने इंजिनात हवा कोंबायची. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. निव्वळ कोंड्याचा मांडा! आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचे पेटंट घेतले. हा पंखा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. साध्या इंजिनाची ताकद वाढवायची तर ते उघडावे लागते. टर्बोच्या इंजिनाला संगणकातून "थोडी जास्त हवा घे" एवढे सांगितले तरी ताकद वाढते. म्हणूनच टर्बोची गाडी दिसली की तरुण मंडळींचे हात शिवशिवतात.

थोडक्यात, टर्बो हाही पंपच. आणि पंपाच्या बाबतीत या भागाइतका अनुभव जगात फार थोड्या ठिकाणी असेल. उइटहॉर्नहून आल्समेरला गेलात की हार्लेमरमेरचा कालवा लागतो. पलीकडे आज शिफोलचा विमानतळ आहे, तिथे पूर्वी मोठे थोरले सरोवर होते. ते १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या तीन पंपांनी उपसले. त्यातल्या क्रूकियसच्या पंपाचे सिलिंडर तर साडेतीन मीटरहून जास्त रुंद आहे आणि ते आजही पाहायला मिळते. पाहुणे पंप बघून थक्क होतात. पण पंप सुरू होण्याआधी या लोकांनी काय केले? १८४० पासून आठ वर्षे खपून सरोवराभोवती सुमारे ६० किलोमीटरचा कालवा खणला आणि बांध घातला. आधी पाण्याची वाट, मग पंप. उलटे केले असते तर उपसलेले पाणी शेजारच्याच गावात शिरले असते.

आता भाच्याची यादी. स्पोर्ट एअर फिल्टर आणि त्याची नळी, २५० युरो. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, ९०० युरो. इंजिनाच्या संगणकात नवा प्रोग्राम, ज्याला हे लोक 'चिपट्यूनिंग' म्हणतात, ४५० युरो. मी म्हटले, बाबा रे, भाजी घेताना आपण किलोचा भाव विचारतो, तसा घोड्याचा भाव काढू. फिल्टरने वाढणार जेमतेम चार घोडे, म्हणजे साठ युरोच्या वर एक. सायलेन्सरने पाच, म्हणजे १८० युरोला एक. प्रोग्रामने ३०, म्हणजे १५ युरोला एक. सायलेन्सरने वाढतो तो मुख्यतः आवाज. आपल्याकडे बुलेटचा सायलेन्सर काढणाऱ्या पोरांना हे कोणीतरी सांगायला हवे.

यादीत खाली पेन्सिलीने आणखी दोन गोष्टी होत्या: मोठा इंटरकूलर, म्हणजे कोंबलेली गरम हवा थंड करणारी जाळी, आणि एक्झॉस्टचा नवा मॅनिफोल्ड. पण या इंजिनात इंटरकूलर हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डच्या पोटातच बसवलेला आहे, पाण्याने थंड होणारा. आणि एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड सिलिंडरच्या हेडमध्येच ओतलेला आहे. बदलणार काय? मित्राच्या गाडीची यादी आपल्या गाडीला लावू नये, हा पहिला धडा इथे फुकट मिळाला.

मग गावाबाहेरच्या एका छोट्या गॅरेजात गेलो. रोलरवर चाके फिरवून ताकद मोजण्याची सोय तिथे आहे. मालक साठीचा, हात काळे, बोलणे मोजके. भाच्याने यादी पुढे केली. त्याने ती न बघता बाजूला ठेवली आणि म्हणाला, "मेतन इस वेतन." मराठी कानाला यात पगाराचे काहीतरी आहे असे वाटते! पण ही डच म्हण आहे: मोजणे म्हणजेच जाणणे. आधी मोजू, मग बोलू.

गाडी रोलरवर चढली आणि आकडा आला १३९. कागदावर १५०, प्रत्यक्षात ११ कमी! भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मेस्त्रीने हवेच्या नळ्यांत धूर सोडला, तेव्हा टर्बोच्या पुढच्या नळीच्या क्लिपपाशी तो बाहेर येताना दिसला. टर्बो बिचारा हवा कोंबत होता आणि ती अर्ध्या वाटेत निसटत होती. बांधाला भोक! प्लग जुने, एअर फिल्टर मातकट. क्लिप, चार प्लग, साधाच फिल्टर आणि मजुरी मिळून १४० युरो. पुन्हा मोजले तर १४९. दहा घोडे, १४ युरोला एक. म्हणजे यादीतल्या सर्वांत स्वस्त घोड्यापेक्षाही स्वस्त. आणि हे घोडे नवे नव्हेत. गाडी घेताना पैसे मोजलेलेच, मधल्या काळात पळून गेलेले.

"आता प्रोग्राम," भाचा म्हणाला. "३० घोडे."

मेस्त्रीने विचारले, "गिअरबॉक्स कोणता?"

आणि खरा मुद्दा इथे होता. इंजिनाचा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, या गाडीत २५० न्यूटन-मीटर आहे. हा सात गिअरांचा कोरड्या क्लचचा डीएसजी कंपनीने बनवलाय तोही २५० साठीच. म्हणजे गाडी कारखान्यातून निघतानाच काठोकाठ भरलेली. ३० घोड्यांचा तयार प्रोग्राम घातला की पीळ तीनशेच्या घरात जातो. पहिले काही महिने मजा, मग क्लच घसरू लागतो, आणि त्या गिअरबॉक्सचा खर्च भाच्याच्या सगळ्या यादीहून मोठा. १५ युरोचा घोडा मग काय भावाने पडला, ते ज्याचे त्याने काढावे.

मोटारीच्या कंपन्या हे ओळखून असतात. पुण्याजवळ रांजणगावला फियाटचे १३०० सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन बनत असे. मारुतीच्या गाड्यांमुळे घराघरांत पोहोचलेले इंजिन हेच. त्याचे दोन अवतार होते, ७५ अश्वशक्तीचा आणि ९० चा. सिलिंडर तेच, पण ९० साठी कंपनीने नुसता आकडा बदलला नाही. पाती कमीजास्त वळवता येणारा वेगळा टर्बो दिला. पंप बदलायचा तर सगळी वाट तपासायची, हा नियम रांजणगावलाही तोच.

"मग काहीच नाही करायचं?" भाचा हिरमुसला.

मेस्त्री हसला. त्याने कागदावर दोन रेघा काढल्या. ताकद म्हणजे पीळ गुणिले फेरे. कंपनीच्या प्रोग्राममध्ये २५० चा पीळ साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत टिकतो आणि मग उतरू लागतो. तो वाढवायचा नाही, फक्त जास्त वेळ टिकवायचा. २५० चाच पीळ ४७०० फेऱ्यांपर्यंत नेला तर तिथे १६७ घोडे होतात. गिअरबॉक्सवर त्याच्या मापाबाहेरचा पीळ येत नाही. खालून धक्का तोच, पण ओव्हरटेक करताना गाडी दमत नाही. १४९ चे १६७, म्हणजे अठरा घोडे ४५० युरोत, पंचवीसला एक. कागदावर पंधराच्या घोड्यापेक्षा महाग, पण गिअरबॉक्सचा हिशेब धरला तर पुष्कळ स्वस्त.

मला गावातला फोर्ट आन द ड्रेख्ट आठवला. ॲम्स्टरडॅमभोवती किल्ल्यांचे जे कडे आहे, त्यातला हा एक. सगळे कडे १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. आपले किल्ले डोंगरावर. यांच्याकडे डोंगरच नाहीत, म्हणून यांनी पाण्याचा किल्ला केला. शत्रू आला की शेतांत पाणी सोडायचे, पण किती? गुडघ्याच्या आसपास. माणसे, घोडे, तोफा चालू शकत नाहीत इतके खोल, आणि होड्या तरंगू शकत नाहीत इतके उथळ. जास्त पाणी म्हणजे जास्त संरक्षण, असे नाही. त्या किल्ल्याची ताकद मापात होती.

माप सुटले की काय होते तेही याच देशाने पाहिले. जानेवारी १९८८ च्या डकार शर्यतीत यान द रॉय यांच्या चमूने डाफचे ट्रक उतरवले. एकेका ट्रकात टर्बोची दोन-दोन इंजिने, मिळून हजारावर अश्वशक्ती. वाळवंटात ते मोटारींना मागे टाकत होते. त्यातला एक ट्रक भर वेगात उलटला आणि त्यातला वाट दाखवणारा सहकारी मरण पावला. डाफने शर्यतीतून अंग काढून घेतले. इंजिनात ताकद होती; तेवढ्या वेगात तेवढे वजन सावरणे कोणाच्या हातात नव्हते.

मेस्त्रीने शेवटी टायर पाहिले आणि जीभ टाळ्याला लावून च्च केले. "घोडे नंतर, आधी नाल." चार नवे टायर, ४०० युरो. मग इन्शुरन्स कंपनीला ताकद वाढवल्याचे लेखी कळवले. हे फार जण टाळतात आणि अपघात झाला की नेमके तेच नडते. ज्यांना टर्बो किंवा सायलेन्सरच बदलायचाय त्यांनी आरडीडब्ल्यूकडे आधी विचारावे, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायच्या भानगडीत तर पडूच नये; वार्षिक एपीके तपासणीत गाडी अडकते. इथला रस्तेकर गाडीच्या वजनावर असतो, तेव्हा घोडे वाढले म्हणून तो वाढत नाही, एवढाच दिलासा. एरवी मार्च २०२० पासून बहुतेक महामार्गांवर दिवसा ताशी १०० ची मर्यादा आहे. १६७ घोडे काय आणि १५० काय, कॅमेऱ्याला सारखेच.

हिशेब असा झाला: १४० अधिक ४५० अधिक ४००, एकूण ९९० युरो. सोळाशेतले ६१० उरले. त्यात थोडी भर घालून भाच्याने मुंबई-ॲम्स्टरडॅमचे तिकीट काढले. ताई जूनमध्ये आली, सहा आठवडे राहिली. भाच्याने तिला एन-२०१ रस्त्याने नेले. २०१४ मध्ये तो गावाबाहेर वळवला, तेव्हापासून तो ॲम्स्टेलच्या खालून जातो: वर नदी, नदीत बोटी, खाली मोटारी. बोगद्यातून चढ चढताना त्याने अभिमानाने विचारले, "आई, कळतंय का, गाडी कशी ओढतेय?"

ताई म्हणाली, "ते राहू दे. वरून पाणी गळत तर नाही ना?"

उइटहॉर्नमध्ये जन्मभर राहिलेल्या माणसानेही पहिल्यांदा हेच विचारले असते.