बुचा गहू

त्या वर्षी सोयाबीननं हात दाखवला होता, म्हणून गव्हाच्या बियाण्यात काटकसर केली. घरी खायला मध्य प्रदेशातला गहू आणला होता. त्यातलाच ५० किलो चाळून काढला आणि नदीकाठच्या एकरात पेरला. चाळताना काही करडे, केसाळ दाणे दिसले होते. दिसले तेवढे वेचून फेकले. न दिसलेले तिफणीतून गेले.

आमच्या बाळापूर भागात गहू सगळ्यांच्या नशिबात नाही. खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे हिवाळ्यात हरभराच बरा. माझं वावर मन नदीच्या काठाला, पाणी गोडं, म्हणून ही गव्हाची मिजास. तणांची ओळख जुनी होती: हरळी, लव्हाळा आणि कुंदा. कुंद्याच्या मुळ्या काळ्या मातीत अशा खोल जातात की उन्हाळ्यात माणसं लावून खोदावा लागतो. पण ही तणं निदान तोंड लपवत नाहीत.

पेरणीला महिना झाला तसं टू-फोर-डी मारलं. चंदनबटवा वळला, रानमेथीनं माना टाकल्या. (त्या पंपानं पऱ्हाटी फवारू नये, हे शहाणपण आमच्याकडे बहुतेकांनी एकेकदा किंमत मोजून घेतलंय. औषधाचा अंश जरी राहिला तरी कपाशीचं पान बोटाबोटांसारखं चिरतं.) मग गहू असा दाटला की मी धुऱ्यावर उभा राहून खुश. शेजारी म्हणाला, "यंदा फुटवे लय हायेत तुह्या गव्हाले." मी मान डोलावली. औषध रुंद पानाच्या तणाचं होतं, गवताच्या जातीला ते शिवतही नाही. उलट चंदनबटव्याची जागा मोकळी करून मीच त्या गवताला ऐसपैस बसवलं होतं.

ओळखलं ते निंदायला येणाऱ्या मावशींनी. नऊ इंची ओळीत डवरा चालत नाही, तिथं वाकूनच जावं लागतं. संक्रांतीच्या सुमारास त्या मधेच उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हे झाड आपलं नोय. याचं आंग येगळं लागते हाताले." मला दोन्ही झाडं सारखीच दिसत होती.

दोन्ही उपटली, पिशवीत घातली आणि अकोल्याला कृषी विद्यापीठात गेलो. तिथल्या एका सरांनी पान खोडापासून हलकेच मागे ओढलं. गव्हाचं पान जिथून फुटतं तिथं दोन बारीक कान खोडाला मिठी मारून असतात, त्यांवर लव असते. दुसऱ्या झाडाला कानच नव्हते, नुसता पांढरा पातळ पापुद्रा. "जंगली ओट," सर म्हणाले. कोवळं रोप वरून पाहिलं तर पानाचा पीळही गव्हाच्या उलटा असतो म्हणे. क्लोडिनाफॉप मारायचं ते पेरणीनंतर ३०-३५ दिवसांनी, तण दोन-चार पानांवर असताना: १५ टक्क्यांची भुकटी, एकरी १६० ग्रॅम, २०० लिटर पाण्यातून, जमिनीत ओल असताना. माझा गहू पोटरीत आला होता.

परत येऊन मावशींना कान दाखवले. त्या हसल्या. "म्हंजे हा बुचा गहू!" नाव तेच पडलं.

फेब्रुवारीत बुच्याचे तुरे गव्हाच्या वर निघाले, झुंबरासारखे लोंबते. आता आंधळ्यालाही दिसावं. पण हा गव्हाआधी पिकतो आणि कापणीची वाट न पाहता दाणे झाडून मोकळा होतो. चार बायका, पाच दिवस, उपटून पोत्यात भरणं आणि धुऱ्याबाहेर जाळणं. त्या मजुरीत प्रमाणित बियाण्याच्या दोन थैल्या आल्या असत्या.

एक दाणा घरी आणला होता. त्याला काळसर, गुडघ्यात मोडलेलं कूस असतं. धाकट्यानं तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब सोडला. कूस हळूहळू फिरू लागलं, घड्याळाच्या काट्यासारखं, आणि दाणा हातावर रांगला. ओल मिळाली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो; असा फिरत फिरत तो भेगेत शिरतो आणि काही दाणे वर्षानुवर्षं न उगवता पडून राहतात. पोरगं टाळ्या पिटत होतं. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या काळ्या मातीच्या भेगा.

पुढच्या दोन हिवाळ्यांत तिथं हरभरा घेतला. पेरणीआधी रान ओलवायचं, बुचा वर आला की वखराची पाळी, मगच पेरणी. हरभऱ्यात गवताची जात लपत नाही. ओळीतून डवरा फिरतो, उरलेलं हातानं. तिसऱ्या वर्षी गहू पेरला, तो सीलबंद थैलीतला.

यंदा मावशी धुऱ्याच्या कडेनं निंदत आल्या. पदरात दोन रोपं. मी आपणहोऊन पान मागे ओढून पाहिलं.

"पायता काय," त्या म्हणाल्या, "मी पायलं. बुचाच हाय."