सिंहगड आणि दोन काठ्या

पुणेकरांना सिंहगड घरच्यासारखाच. शहरापासून साधारण ३० किलोमीटर, समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून थोडा उंच. स्वारगेटहून बस पायथ्याशी सोडते आणि आतकरवाडीतून दगड-मातीची पायवाट चढू लागते. फजरची नमाज आटोपून आम्ही घरातले सगळे अधूनमधून रविवारी निघतो.

या वर्षी आपा म्हणाल्या, "तुम्ही जा. चढेन मी, पण उतरताना गुडघे साथ देत नाहीत." आपल्या घरांत बायका साठीकडे झुकल्या की आधी गड सुटतो, मग बाजार, मग जिना. ते होऊ नये म्हणून आम्ही ट्रेकिंगच्या दोन काठ्या आणल्या. आपांनी नाक मुरडलं, "काठी म्हणजे म्हातारपण!" तरीही तळजाईच्या टेकडीवर आठवडाभर सराव केला. कारण काठी हातात असणं वेगळं आणि ती वापरता येणं वेगळं.

आधी उंची. सपाट जागी काठी पायाजवळ टेकवून मूठ धरली की कोपर काटकोनात यावं. चढताना काठी पाच ते दहा सेंटिमीटर आखूड करावी, उतरताना तेवढीच लांब. आखूड काठी घेऊन उतरलं तर अंग पुढे झुकतं आणि तोल जातो. उंची बदलली की लॉक घट्ट बसलं का, हे भार देऊन पाहावं.

मग पट्टा. हात पट्ट्यात खालून वर घालावा आणि पट्ट्यासकट मूठ धरावी. भार पट्टा घेतो, बोटं आवळावी लागत नाहीत.

चालताना उजव्या पायाबरोबर डावी काठी पुढे. उंच पायरी उतरताना मात्र दोन्ही काठ्या आधी खालच्या दगडावर टेकवाव्यात, मग पाऊल टाकावं. गुडघ्यांवरचा थोडा भार हातांवर येतो, तो इथेच. कातळावर टोकाला रबराची टोपी असू द्यावी, ओल्या मातीत काढावी. जिथे हातांनी धरून चढावं लागतं, तिथे पट्ट्यातून हात मोकळे करावेत. गर्दीत टोक मागे जाऊ देऊ नये, मागे कुणाचं तरी मूल असतं.

त्या रविवारी आपा पुणे दरवाजातून आत आल्या, मडक्यातलं दही खाल्लं आणि पायीच उतरल्या. आम्हा सर्वांपेक्षा अर्धा तास जास्त लागला. आम्ही थांबत थांबत उतरलो, एवढंच.

काठी हा गुडघ्यांचा इलाज नव्हे. सूज असेल तर आधी डॉक्टर. सिंहगडावर मोटाररस्ताही आहे, थकवा आला तर जीपने उतरण्यात कमीपणा नाही. पण घरातलं कुणी "तुम्ही जा" म्हणू लागलं असेल, तर ते लगेच मान्य करू नका. आधी एखाद्या टेकडीवर त्यांच्या चालीने चालून पाहा.