गठ्ठे आधी, सुट्या नंतर

तिसरीत असताना माझ्या पाटीवर तेवीसचे हमखास बत्तीस व्हायचे. त्यापायी हातावर पट्ट्या खाल्ल्या, बाकावर उभा राहिलो, ‘ढ’ म्हणून शिक्का बसला. चौथीत नव्या बाई आल्या. माझी पाटी बराच वेळ बघून म्हणाल्या, “हे कसं लिहिलंस, सांगशील?”

तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी घाबरत म्हणालो, “तेवीस म्हणताना आधी तीन येतात ना, बाई!”

“खरंय की! ऐकलंस तसंच लिहिलंस तू.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी खराट्याच्या काड्या आणल्या. दहा-दहाचे गठ्ठे दोऱ्याने बांधले. “गठ्ठे आधी, सुट्या नंतर,” असं म्हणत मी काड्या मांडायच्या, मग अंक लिहायचे, नाव सगळ्यात शेवटी. एकोणतीससाठी तीन गठ्ठे घ्यायचे, एकाचा दोरा सोडायचा आणि त्यातली एक काडी काढायची. तीसला एक कमी म्हणजे काय, हे माझ्या बोटांना आधी कळलं.

वाचनाचंही तसंच. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. तिथे मी अडायचो. बाई परातीत बारीक वाळू पसरायच्या आणि मोठ्याने म्हणत बोटाने गिरवायला लावायच्या. घ आणि ध एकाच दिवशी कधी घेतले नाहीत.

पुढे मी शिक्षक झालो. डिस्लेक्सिया हा शब्द तेव्हा भेटला. डोळा, कान आणि हात एकत्र राबवणारी ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धत 1930च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली, हे वाचताना मला बाईंची परात दिसत होती. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेची नोंद झाली. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस तीन’ असं संख्यावाचन दिलं आणि वाद पेटला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्या काड्याच होत्या.

आज माझ्या वर्गातही तेवीसचे बत्तीस होतात. मी लाल पेन खाली ठेवतो, मुलाशेजारी बसतो आणि बाईंचाच प्रश्न विचारतो. उत्तर यायला कधी कधी आठवडा लागतो.

चौथीच्या शेवटच्या दिवशी बाईंनी दिलेला एक गठ्ठा माझ्याकडे आहे. बाई आता नाहीत. त्यांच्या हातची ती गाठ जपून ठेवावी असं फार वाटायचं. पण एकोणतीस शिकवायला गठ्ठा सोडावाच लागतो. मी तोच सोडतो.