आरेचें दूध आणि आरेचे पाडे

अंधेरीहून बोरिवलीकडे जातां मध्यें गोरेगांव लागतें. स्टेशनाच्या पूर्वेस थोडें दूर गेलें कीं इमारतींची दाटी ओसरते व झाडींनीं भरलेल्या टेकड्या दिसूं लागतात. हीच आरे दुग्धवसाहत. 1949 मध्यें ती वसली. 1951 च्या मार्चांत पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. तत्पूर्वीं मुंबईच्या म्हशी शहरांतील कोंदट गोठ्यांत बांधलेल्या असत. दारा खुरोडी यांनीं त्या या मोकळ्या रानांत आणून 32 तबेले वसविले.

परंतु एवढ्यानें मुंबईची गरज भागणारी नव्हती. 1945 पासूनच सरकारी योजनेखालीं गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांतून दूध येऊं लागलें होतें. तें घेणारा मक्तेदार सांगेल तो भाव तेथील शेतकऱ्यास पत्करावा लागे. 1946 च्या जानेवारींत समरखा गांवीं सभा भरली आणि दूध द्यावयाचें नाहीं असें ठरलें. पंधरा दिवस मुंबईस थेंब गेला नाहीं! त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखालीं सहकारी संघाची नोंदणी झाली. एक-दोन म्हशींचा धनी स्वतःच्या दुधाच्या धंद्याचा भागीदार झाला, आणि सकाळ-संध्याकाळ रोख पैसा त्याच्या घरांत येऊं लागला. 1963 मध्यें मॅगसेसे पारितोषिक खुरोडी, पटेल व कुरियन या तिघांस मिळून देण्यांत आलें, तें मला फार समर्पक वाटतें.

‘गोधन’ शब्दाचा विग्रह शिकवितांना आम्ही ‘गाई हेंच धन’ असें सांगत असूं. धन कोणाचें, हा प्रश्न व्याकरणांत येत नाहीं. आरेमध्यें तो पावलोपावलीं येतो. तबेल्यांच्याही आधींपासून या टेकड्यांवर वारली राहत आले आहेत. त्यांचे 27 पाडे येथें सांगतात. पावसाळ्यांत भात, एरवीं थोडा भाजीपाला, हा त्यांचा संसार. वसाहत झाली ती सरकारी जमिनीवर. म्हशी परवानाधारक मालकांच्या. खेड्याच्या शेतकऱ्यास संघांत वांटा मिळाला. ज्याच्या दारावरून दूध गेलें त्या वारल्यास मिळाली तर मजुरी. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या तुकड्याचा मालकीहक्काचा कागद बहुतेकांपाशीं नाहीं. म्हणूनच मेट्रोच्या कारशेडची जागा ठरली तेव्हां प्रजापूर पाड्यांतील कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं, आणि ऑक्टोबर 2019 मध्यें 2,000 हून अधिक झाडें पडलीं. झाडांसाठीं शहर रस्त्यावर आलें. पाड्यांची आठवण मात्र पुष्कळांस त्यानंतर झाली.

पावसाळा सुरू झाला कीं पाड्यांतील बायका रानभाज्या घेऊन रस्त्याच्या कडेस बसतात. तिकडे जाणें झालें तर एखादी जुडी जरूर घ्यावी, आणि भाव करूं नये.