हर्णैचा किनारा आणि एंजिनाचें तेल

पुण्याहून कोंकणांत उतरावयाचे मार्ग अनेक आहेत. परंतु ताम्हिणी घाटानें माणगांवास येऊन पुढें मंडणगडावरून दापोली गांठण्यांत जी मौज आहे ती, निदान आमच्या मतें, हमरस्त्यानें जाण्यांत नाहीं. मुळशीचा जलाशय मागें पडला कीं वारा बदलूं लागतो, घाट उतरल्यावर अंगास घाम फुटतो, आणि आंबेतपाशीं सावित्री ओलांडली कीं आपण रत्नागिरी जिल्ह्यांत आलों. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत आम्ही ह्याच मार्गानें हर्णैस निघालों. मंडळी मोजकीच: आम्ही, आमचें कुटुंब, आणि मोटार चालविणारा आमचा पुतण्या.

माणगांवास चहाकरितां थांबलों असतां पुतण्यानें बॉनेट उघडून पाणी पाहिलें. आम्हीं सहज विचारलें, "तेल केव्हां बदललें होतेंस?"

"काका, त्याला अजून पुष्कळ अवकाश आहे. पुस्तकांत दहा हजार किलोमीटर सांगितले आहेत. मागच्या वेळेपासून गाडी जेमतेम तीन हजार शंभर चालली आहे."

"आणि महिने किती लोटले?"

"वीस झाले असतील."

आम्हीं तें पुस्तक मागून घेतलें. त्यांत '१०,००० किलोमीटर अथवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तें' असें स्वच्छ छापलेलें होतें. पस्तीस वर्षें व्याकरण शिकविलेल्या मनुष्यास 'अथवा' हें अव्यय ओलांडून पुढें जाणें कठीण. मोटार बाळगणारे बहुतेक लोक वाक्याचा पूर्वार्ध तेवढा पाठ करितात आणि उत्तरार्ध सोडून देतात. पुतण्याचें म्हणणें असें कीं, जी वस्तु वापरलीच नाहीं ती झिजेल कशी? तर्कास हें पटण्यासारखें आहे, म्हणूनच घातक आहे. ही मोटार आमच्या घरीं हौसेकरितां नाहीं. आमच्या वडील वहिनींस आठवड्यांतून दोन वेळां रुग्णालयांत न्यावें लागतें, आणि एखादे रात्रीं अचानकहि. रुग्णालय तीन किलोमीटरांवर आहे. म्हणजे गाडी चालते थोडी. पण जेव्हां चालावयास हवी तेव्हां ती न चालून भागणार नाहीं.

हर्णैस पोहोंचलों तों संध्याकाळचा लिलांव रंगांत आला होता. वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी यांचे ढीग आणि भोंवतीं बोली करणाऱ्यांचा कल्लोळ! आम्हां शाकाहाऱ्यांस तेथें घेण्यासारखें कांहीं नसलें, तरी पाहण्यासारखें पुष्कळ आहे. समोर समुद्रांत सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांच्या नांवाशीं निगडित असलेला हा जलदुर्ग १७५५ सालीं पेशव्यांच्या व इंग्रजांच्या संयुक्त मोहिमेंत तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला. किनाऱ्यालगतच्या बागांतून ३ जून १९२० नव्हे, २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळाच्या खुणा अजूनहि जाणत्यास दिसतात. शंभर वर्षांचा फरक मुद्दाम सांगितला, कारण अशीं वादळें जुन्या काळींच होत असत अशी घाटावर समजूत आहे.

दुसरे दिवशीं सकाळीं आंजर्ल्याच्या खाडीकडे गेलों. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. तत्पूर्वीं नौका खाडींत आणून, ओढून, ताडपत्र्यांनीं झांकण्याची गडबड चालू होती. एका नौकेवर एक वृद्ध तांडेल उकिडवा बसून हातपंपानें एंजिनांतलें तेल उपशीत होता. मोटारीच्या एंजिनाखालीं शिरून बूच काढतां येतें. नौकेंत एंजिनाच्या खालीं नौकेचा तळच असल्यामुळें तेथें बूच काढून भांडें ठेवण्यास जागा नसते. म्हणून तेल मोजण्याच्या सळईच्या भोंकांतून नळी घालून तें वरून ओढून घ्यावें लागतें.

आम्हीं विचारलें, "तांडेल, आतां दोन महिने नौका चालणार नाहीं. मग तेल आतांच कां? नारळी पौर्णिमेला बदललें तर ताजें राहणार नाहीं का?"

त्यानें पंप थांबविला. "गुरुजी, आम्ही पण आधीं असंच करायचो," असें म्हणून त्यानें एका हंगामाची हकीकत सांगितली. त्या वर्षीं मेमध्यें जुनेंच तेल आंत ठेवून नौका ओढली होती. ऑगस्टांत एंजिन पहिल्या हांकेस सुरू झालें आणि दोन दिवस उत्तम चाललें. तिसऱ्या रात्रीं बेअरिंग जाऊन एंजिन जाम झालें. पश्चिमेचा वारा नौकेस खडकांकडे लोटीत होता, आणि नौकेवर ह्याचा धाकटा भाऊ व दोन पुतणे होते. पहांटे दुसऱ्या नौकेनें दोर टाकून ओढून आणलें. माणसें वांचलीं, पण हंगामाचा पहिला महिना दुरुस्तींत गेला व घरांतले दागिने गहाण पडले. "गाडी बंद पडली तर माणूस उतरून चालायला लागतो. आम्ही उतरायचं कुठं?"

पुतण्या शेजारीं उभा राहून हें ऐकत होता. तो कांहीं बोलला नाहीं.

त्या रात्रीं काय घडलें हें समजण्यास तेल एंजिनांत करतें काय, हें पाहिलें पाहिजे. घर्षण कमी करणें हें त्याचें ठळक कार्य. परंतु तें उष्णता वाहून नेतें, काजळी व मळ आपल्या पोटांत घेतें, आणि धातूस गंजापासून राखतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अभ्यंगाचें महत्त्व सांगतांना वंगण दिलेल्या आंसाचा दृष्टांत दिला आहे. म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे गाड्याच्या आंसापासून ठाऊक आहे. एंजिनाच्या तेलाचें दुर्दैव असें कीं, तें ज्वलनाच्या शेजारींच राहतें. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें तेवढेंच पाणी वाफेच्या रूपानें उत्पन्न होतें. बहुतेक वाफ धुराड्यांतून जाते, पण थोडी पिस्टनच्या कड्यांवरून निसटून तेलांत उतरते. तिच्याबरोबर न जळलेलें इंधन व आम्लजनक वायूहि उतरतात. तेलांत आम्लांचा नाश करणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात, पण तीं खर्च होत जातात. तीं संपलीं म्हणजे तें जुनें, ओलसर, आंबट तेल बेअरिंगच्या मऊ धातूस स्वस्थपणें खात बसतें. एंजिन चालू नसलें तरी खातें! म्हणून नौका विश्रांतीस ठेवण्यापूर्वींच तेल बदलावें, आणि नवें तेल घालून एंजिन थोडा वेळ चालवावें, म्हणजे तें सर्व भागांवर पसरतें. तांडेल हेंच करीत होता.

लांबच्या प्रवासांत तेल चांगलें तापतें व त्यांतलें पाणी व पेट्रोल उडून जातें. तीन किलोमीटरांवरच्या रुग्णालयास जाऊन येण्यांत तें तापतच नाहीं; आंत आलेलें पाणी आंतच राहतें. तेव्हां वर्षभर कमी चाललेली आमची गाडी हीच तेलाच्या दृष्टीनें अधिक कष्टलेली. पुस्तकांतल्या 'एक वर्ष' ह्या शब्दांचें मर्म हें आहे.

नौकेस किलोमीटर विचारण्यांत तर अर्थच नाहीं. जाळें ओढतांना ती बैलगाडीच्या गतीनें जाते, पण एंजिन सारखें भार वाहत असतें. म्हणून तेथें हिशेब तासांचा. अशा डीझेल एंजिनांस साधारणपणें २५० तास सांगितलेले असतात. हा तांडेल २०० तासांनींच बदलतो. तीन दिवसांच्या एका फेरींत पन्नासएक तास भरतात, म्हणजे चार फेऱ्यांत तेल उतरलें. लहान होडीच्या मागें टांगलेल्या एंजिनास बहुधा १०० तास सांगतात. मात्र जुन्या द्विघाती एंजिनांत तेल पेट्रोलांतच मिसळून जळून जातें, तेव्हां तेथें एंजिनाचें तेल बदलण्याचा प्रश्नच नाहीं. तेथें पंख्याकडील गिअरचें तेल तेवढें पाहावें.

हाच तासांचा हिशेब आम्हीं वाळूवर काठीनें पुतण्यास मांडून दाखविला. हमरस्त्यावर ताशीं ६० किलोमीटर वेग धरिला तर १०,००० किलोमीटरांस १६७ तास लागतात. पुण्याच्या गर्दींत ताशीं २० धरा. तेच किलोमीटर, पण तास ५००. त्रैराशिक चौथ्या इयत्तेचें आहे, परंतु तें कोणी करीत नाहीं. म्हणून ज्या मोटारी शहरांतच घुटमळतात, धुळींत चालतात किंवा घाटांत ओझें वाहतात, त्यांच्याकरितां पुस्तकांत बहुधा निराळें, कमी अंतर दिलेलें असतें. तें पान शोधून वाचावें. उलटपक्षीं, प्रत्येक गाडीस तीन हजारांवर तेल बदलावें हा कित्येक गॅरेजवाल्यांचा आग्रहहि आम्हांस पटत नाहीं. तो जुन्या तेलांच्या काळचा नियम आहे. कित्येक मोटारसायकलींस तो अजून लागू पडतो, कारण तेथें तेल थोडें असून तेंच बहुधा गिअरचेंहि काम करतें. आजच्या मोटारीस तो लावणें म्हणजे पैसे सांडणें होय.

रंगावरूनहि फसूं नये. डीझेलच्या एंजिनांत नवें तेल थोड्याच दिवसांत काळें होतें. त्यानें काजळी उचलली एवढाच त्याचा अर्थ. भ्यावें तें दुधट रंगाला, कारण तें पाणी आहे. आणि सळईवर तेलाची पातळी न घालतां वाढलेली दिसली तर त्याहून भ्यावें. कमी झालेलें तेल भरतां येतें; आपोआप वाढलेलें म्हणजे आंत इंधन किंवा पाणी शिरत आहे.

तांडेलानें उपसलेलें पंधरा-वीस लिटर तेल एका डब्यांत जमलें होतें. त्यांतलें कांहीं लांकडास फांसावयास जाईल असें तो म्हणाला. शेजारच्या एका नौकेवर मात्र तळाशीं सांचलेलें तेलकट पाणी खाडींत सोडणें चालू होतें, आणि भरतीच्या पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग पसरत होता. जिच्या मुखाशीं मासळीचीं पिलें वाढतात त्या खाडींत हें टाकणें आम्हांस पाहवलें नाहीं. २०१६ च्या नियमांप्रमाणें वापरलेलें तेल घातक टाकाऊ पदार्थांत मोडतें व तें मान्यताप्राप्त पुनःशुद्धी करणाऱ्याकडेच जावयास हवें; पण बंदराजवळ तें घेण्यास कोणी येईल तर ना! दोष केवळ खलाशांचा नाहीं.

दापोलीस परत आल्यावर पुतण्यानें आपण होऊन गाडी एका गॅरेजांत नेली. एंजिन गरम होतें हें बरेंच झालें. गरम तेल पातळ होऊन मळासकट बाहेर येतें. आमच्या कुटुंबानें वास घेऊन "ह्याला रॉकेलासारखी घाण येते" असें म्हटलें. वास पेट्रोलाचा होता. तेल दुधट नव्हतें, पण बोटांत धरलें असतां पाण्यासारखें ओघळत होतें. गाळणी, म्हणजे फिल्टर, तोहि बदलला. मळकी गाळणी ठेवून नवें तेल घालणें हें न घांसलेल्या तांब्यांत गंगोदक भरण्यापैकीं आहे. गॅरेजवाला "गाडी जुनी झाली, दाट तेल घालूं" म्हणत होता. पुतण्यानें पुस्तकांतला ५ डब्ल्यू ३० हाच प्रकार मागितला. ह्यांतला पहिला अंक थंडीतला पातळपणा दाखवितो व दुसरा तापल्यावरचा दाटपणा. फार दाट तेल सकाळीं सुरू करतांना वरच्या भागांस उशिरां पोहोंचतें, आणि झीज पुष्कळशी त्याच वेळीं होते. जुनें साडेतीन लिटर तेल गटारांत न जातां मागच्या पिंपांत गेलें, हें आम्हीं उभें राहून पाहिलें.

तेथून दाभोळ. वासिष्ठीच्या पैलतीरीं धोपावें. मध्यें मोटारी वाहून नेणारी फेरीबोट. नदी ओलांडतांना यंत्रघराच्या दाराशीं एका कामगाराची वही टांगलेली दिसली. तींत तारीख, एंजिनाचे तास आणि तेल असे तीन रकाने होते. पुतण्यानें ती उलगडून पाहिली, मग गाडीच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तसेच रकाने आंखले, पहिली ओळ भरली, आणि पुढच्या वर्षाच्या त्याच तारखेखालीं वहिनींचें नांव लिहिलें. तेवढ्यांत बोटीचा फळा धोपाव्याच्या धक्क्यावर टेकला व मागच्या गाड्यांनीं भोंगे वाजविण्यास सुरुवात केली.