दुसरा नॉब

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ‘विक्रम’ चंद्रावर उतरत होता. आधी ‘रफ ब्रेकिंग’, मग ‘फाइन ब्रेकिंग’ असे टप्पे ऐकताना मला माझ्या टेबलावरचा घरी बांधलेला पॉवर सप्लाय आठवला.

एलएम३१७, २४० ओहमचा रोध आणि ५ किलोओहमचा एकच नॉब, एवढीच त्याची रचना. नॉब अंशभर फिरला की दाब सुमारे ०.१ व्होल्टने बदले. ३.३ व्होल्ट लावताना हात घसरला, दाब पाचापलीकडे गेला आणि मित्राकडून मागून आणलेला सेन्सर जळाला. मी हाताला दोष दिला. दोष रचनेचा होता.

मग त्या नॉबशी एकसर जोडणीत २२० ओहमचा दुसरा नॉब जोडला. त्याच्या एका अंशाला जेमतेम ०.००४ व्होल्ट. पथ्य एकच: बारीक नॉब आधी मध्यावर ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंना वाव उरतो.

‘विक्रम’नेही ३० किलोमीटर उंचीपासून सुमारे साडेसात किलोमीटरपर्यंत बहुतेक वेग ढोबळपणे घालवला, नाजूक काम त्यानंतरचे. मोठी झेप आणि बारीक तोल एकाच नॉबकडे मागणे, ही माझी चूक होती.

मित्रासाठी आणलेला नवा सेन्सर याच सप्लायवर तपासला. मल्टिमीटरवर ३.३० स्थिर झाल्यावरच तार जोडली.